घराची बाजू, रस्त्याची बाजू

मागच्या वर्षी पाऊस सुरू व्हायच्या जरा आधी साताऱ्याच्या पुढे एका डोंगरावरच्या मोबाईल टॉवरवर गेले होते. तक्रार अशी होती की एका भाडेकरूचं वीजबिल दर महिन्याला जास्त येतंय. भाडेकरू म्हणजे घरातला नाही, टॉवरवरचा. एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्यांचे अँटेना असतात, खाली खोलीत बॅटऱ्या आणि रेक्टिफायर (घरात येते ती उलटसुलट वाहणारी एसी वीज एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डीसी, करणारं यंत्र) सगळ्यांचे सामाईक, आणि प्रत्येकाने किती वीज खाल्ली ते मोजायला प्रत्येकाच्या फांदीवर एकेक डीसी मीटर. त्या मीटरवरून बिलाची वाटणी. दोन महिने त्या कंपनीचे लोक ईमेल लिहीत होते आणि आमच्याकडून उत्तर जात होतं की मीटर टेस्टेड आहे, सर्टिफिकेट सोबत जोडलंय.

सर्टिफिकेट खरंच होतं आणि मीटरही बरोबर होता. मी क्लॅम्प मीटर, म्हणजे तार न तोडता तिला बाहेरून पकडून करंट मोजणारा चिमटा, लावून बघितलं तर वायरमधून जाणारा करंट आणि मीटरवर दिसणारा करंट यात तेरा-चौदा टक्क्यांचा फरक. मीटर बदलला. नवा मीटरही तेच दाखवायला लागला.

मग मी काकांना फोन लावला. काका म्हणजे माझे नात्यातले काका नाहीत, आयुष्यभर मीटर टेस्टिंगच्या बेंचवर काम करून रिटायर झालेले आणि नंतर काही वर्षं आमच्याकडे येऊन आम्हा पोरांना शिकवणारे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मीटरला नंतर शिव्या दे गं. आधी तार कुठून घेतलीय ते बघ."

डीसीमध्ये मोठा करंट मोजायचा तर वाटेत एक शंट घालतात. दोन पितळी ठोकळे आणि त्यांच्यामध्ये मँगॅनिनच्या पट्ट्या, एवढंच असतं ते. १०० अँपिअर गेले की दोन टोकांत ७५ मिलिव्होल्ट दिसतात, म्हणजे त्याचा रोध अवघा पाऊण मिलिओहम. ठोकळ्यांवर दोन मोठे बोल्ट असतात, त्यांना जाड केबल जोडायची, आणि दोन छोटे स्क्रू असतात, त्यांना मीटरकडे जाणाऱ्या बारीक तारा. आमच्या शंटचे छोटे स्क्रू कधीतरी हरवले होते. कुणीतरी, बहुधा रात्री, बहुधा घाईत, बारीक तारांच्या रिंगा मोठ्या बोल्टखालीच, केबलच्या लगवर (केबलच्या टोकाला बसवलेली भोकाची चपटी पट्टी) बसवून आवळून टाकल्या होत्या. दिसायला व्यवस्थित. हात लावला तर गरमही नव्हतं. पण त्यामुळे काय झालं, तर लग आणि ठोकळा यांच्यामधला जो सांधा असतो, थोडा गंजलेला, थोडी धूळ बसलेली, त्याचा रोधही मोजणीत आला. दोन्ही बाजूंचा मिळून मिलिओहमचा दहावा भाग धरा. पाऊण मिलिओहममध्ये एक दशांश मिलिओहमची भर म्हणजे तेरा टक्के. दर महिन्याला, दिवसरात्र, तेरा टक्के.

दोन स्क्रू बसवले, तारा तिथे नेल्या, आकडा जागेवर आला. भाडेकरूचे पैसे परत गेले. पण मला ती गोष्ट बरेच दिवस लागून राहिली, कारण आम्ही दोन महिने त्यांना सर्टिफिकेट दाखवत होतो. मीटर खरं बोलत होता आणि तरी हिशोब खोटा होता. दोन बोटांच्या अंतरावर तार जोडली गेली म्हणून.

त्यानंतर मला सवय लागली, जुन्या डीसी मीटरांच्या जोडणीचे आराखडे मिळतील तिथून मिळवून वाचायची. सुरुवात कुतूहलाने झाली आणि आता ते माझं रविवारचं वाचन आहे. कारण जे माझ्या टॉवरवर झालं ते वीज विकायला सुरुवात झाली त्या पहिल्या वर्षापासून लोकांना छळत आलंय.

न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटवर एडिसनचं वीजघर ४ सप्टेंबर १८८२ ला सुरू झालं. ११० व्होल्ट डीसी, रस्त्याखालून गेलेल्या तांब्याच्या वाहिन्या, पहिल्या दिवशी साधारण चारशे दिवे. आणि सुरुवातीचे काही महिने कुणालाही बिल नाही! मीटर तयार होऊन भरवशाचे होईपर्यंत वीज फुकट. पहिलं बिल निघालं ते जानेवारी १८८३ मध्ये, एका पितळ-तांब्याच्या कंपनीला, ५० डॉलर ४४ सेंटचं. मला हे फार आवडलं. गॅसवाल्यांशी स्पर्धा, बँकवाल्यांचे पैसे अडकलेले, आणि तरी ते थांबले. मोजता येत नाही तोवर मागायचं नाही, इतकं साधं.

आता तो मीटर कसा होता ते सांगते, कारण आज आपण मीटर म्हटलं की आकडे फिरणारं किंवा लाल दिवा लुकलुकणारं काहीतरी डोळ्यांसमोर आणतो. एडिसनचा मीटर म्हणजे काचेची बाटली होती. बाटलीत झिंक सल्फेटचं पाणी आणि त्यात जस्ताच्या दोन पट्ट्या, पारा चोळलेल्या. करंट गेला की एका पट्टीवरचं जस्त विरघळतं आणि दुसरीवर जाऊन बसतं. जितका करंट, जितका वेळ, तितकं जस्त. महिन्याच्या शेवटी कंपनीचा माणूस यायचा, पट्ट्या काढून न्यायचा, नव्या ठेवून जायचा. मग त्या जुन्या पट्ट्या धुऊन वाळवून, सोनाराच्या तराजूसारख्या नाजूक काट्यावर तोलायच्या आणि वजन किती घटलं त्यावरून बिल.

पण घराचा सगळा करंट बाटलीतून न्यायचा तर महिन्याला पाटाएवढी पट्टी लागली असती. म्हणून जोडणी अशी केली: घरात जाणाऱ्या दोन तारांपैकी एक तोडायची, मध्ये जर्मन सिल्व्हरची पट्टी घालायची (नावात चांदी असली तरी त्यात चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं), आणि त्या पट्टीच्या दोन टोकांवरून एक बारीक आडवाट काढायची, त्या आडवाटेत बाटली. मुख्य करंट पट्टीतून सरळ निघून जातो, बाटलीत साधारण ९७५ वा हिस्सा जातो. म्हणजे शंटच! माझ्या डोंगरावरचाच शंट, १४० वर्षांपूर्वीचा.

मी एक दिवस बसून गणित केलं. त्या वेळच्या एका दिव्याला साधारण पाऊण अँपिअर लागायचा. एक अँपिअर-तासाला १.२२ ग्रॅम जस्त हलतं, हे रसायनशास्त्र ठरवतं, त्यात कुणाचं काही चालत नाही. त्याचा ९७५ वा भाग काढला की एक दिवा एक तास जळल्यावर बाटलीतलं जस्त एक मिलिग्रॅमपेक्षा थोडं कमी हलतं. रोज पाच तास, महिनाभर, एक दिवा: १४१ मिलिग्रॅम. तांदळाचे सहा-सात दाणे. एवढ्याशा वजनावर एका घराचं बिल ठरायचं आणि ते तोलणारा माणूस धुताना जरा जोरात घासला तर? नीट वाळलं नसेल तर? मला त्या तोलणाऱ्या माणसांबद्दल अतिशय आदर वाटतो, त्यांची नावं कुठे येत नाहीत.

आणि मुख्य म्हणजे सांधे. बाटलीच्या आडवाटेतला एखादा स्क्रू सैल झाला की बाटलीत करंट कमी जाणार, ग्राहकाचा फायदा. पण आडवाट जिथून फुटते त्याच्या आत, पट्टीच्या वाटेत सांधा सैल झाला की बाटलीत करंट जास्त जाणार, आणि ग्राहक न वापरलेल्या विजेचे पैसे भरणार. दोन्ही स्क्रू एकाच पेटीत, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. म्हणून पट्टी आणि तिची टोकं पक्की झाळलेली, आणि आडवाट त्याच्या आतून काढलेली असायला हवी. आज आम्ही याला फोर-वायर जोडणी म्हणतो, दोन तारा करंट नेणाऱ्या आणि दोन वेगळ्या फक्त मोजणाऱ्या, आणि पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो, आणि तरी बोल्टखाली रिंग घालणारा कुणीतरी भेटतोच.

त्या पेटीत अजून दोन गोष्टी होत्या ज्या मला खूप जवळच्या वाटतात. पाणी गरम झालं की त्याचा रोध कमी होतो, मग उन्हाळ्यात मीटर जास्त मोजणार. म्हणून बाटलीच्या ओळीतच तांब्याच्या तारेचं एक वेटोळं घातलं, कारण तांब्याचं उलटं असतं, गरम झालं की रोध वाढतो. एकाची चूक दुसरा भरून काढतो. आणि दुसरी गोष्ट, न्यूयॉर्कच्या थंडीत बाटलीतलं पाणी गोठायची भीती, म्हणून पेटीत बाटल्यांखाली एक छोटा दिवा आणि दोन धातूंची जोडपट्टी. थंडी वाढली की ती पट्टी वाकणार, टेकणार, दिवा लागणार, ऊब येणार. बंद पेटीत, कुणी बघत नसताना, दिवा आपला आपण लागतोय आणि विझतोय.

पण ग्राहकाच्या बाजूने विचार केला तर? घरात एक कुलूपबंद पेटी, आत बाटल्या, महिन्याने एक माणूस येतो, काहीतरी काढून नेतो, आणि मग कागद येतो की एवढे पैसे. स्वतः वाचायला काहीच नाही. आपल्याकडे दूधवाल्याच्या मापावरसुद्धा लोकांची नजर असते, इथे तर मापच दिसत नाही. खुद्द मॉर्गनला, म्हणजे ज्याच्या पैशांवर एडिसनची कंपनी उभी होती त्यालाच, या मीटरवर विश्वास नव्हता. एडिसनने स्वतः सांगितलेली गोष्ट आहे. मॉर्गनच्या ऑफिसात प्रत्येक दिव्याजवळ कार्ड लावलं, दिवा कधी लावला कधी विझवला ते त्यावर लिहायचं, आणि महिन्याच्या शेवटी त्या तासांचा हिशोब बिलाशी ताडून बघायचा. जमेना. मग शोधता शोधता कळलं की संध्याकाळी साफसफाई करणारा माणूस दिवे लावून काम करायचा, त्याचे तास कुणी कार्डावर लिहिलेच नव्हते. ते धरले आणि हिशोब जुळला. या गोष्टीत सगळे मॉर्गन आणि एडिसनकडे बघतात, मला त्या झाडूवाल्याचं वाटतं. त्याचे तास माणसांच्या कार्डावर नव्हते, पण बाटलीत जस्ताच्या रूपाने ते जमा होते.

आता जुन्या बाजाराकडे येते. पुण्यात मंगळवार पेठेत रविवारी जो जुना बाजार भरतो तिथे मी गेल्या हिवाळ्यात गेले होते, खरं तर पितळी दिवा शोधायला. एका चादरीवर नळाच्या तोट्या, टेलिफोनचे डबे, घड्याळांची पोटं, आणि त्यात बिडाच्या पेटीत एक गोल डायल. उचललं तर जड. पेटीच्या खाली दोन भोकं, प्रत्येकात पितळी नळी आणि दोन-दोन स्क्रू. फक्त दोन. मी तिथेच खाली बसले. आपल्या घरच्या सिंगल फेज मीटरला चार टर्मिनल असतात, दोन आत दोन बाहेर. दोनच भोकं म्हणजे एकच तार तोडून मध्ये घालायचा मीटर, दुसऱ्या तारेशी त्याचा काही संबंध नाही, म्हणजे तो व्होल्टेज बघतच नाही. अँपिअर-तास मोजणारा डीसी मीटर! डायलवर २३० व्होल्ट छापलेलं अंधुक दिसत होतं, कंपनीचं नाव घासून गेलेलं. विकणारा म्हणाला, "ताई, घड्याळ आहे, चालू होईल." मी घासाघीस न करता घेतलं.

या जातीच्या मीटरात पारा असतो. तांब्याची एक चकती पाऱ्यात बुडालेली, दोन्ही बाजूंना कायमचे लोहचुंबक. करंट पाऱ्यातून चकतीच्या कडेला शिरतो, मध्याकडे जातो, चुंबकाच्या जोराने चकती फिरते, आणि तीच चकती चुंबकांमध्ये फिरताना स्वतःलाच ब्रेक लावते, त्यामुळे वेग करंटच्या प्रमाणात राहतो. फेरांटी, चेंबरलेन आणि हुकम, अशा इंग्लंडमधल्या कंपन्यांनी पाऱ्याचे मीटर वर्षानुवर्षं विकले. माझ्याकडच्या मीटरातला पारा कधीच गेलेला होता, तरी मी आधी हातमोजे घालून, खिडकी उघडून, खाली ट्रे ठेवूनच तो उघडला. कुणाला असं काही मिळालं तर कृपा करून घरात हलवून बघू नका, पाऱ्याची वाफ दिसत नाही.

अँपिअर-तास मोजायचे आणि बिल मात्र युनिटचं द्यायचं, तर मध्ये व्होल्टेज गृहीत धरावं लागतं. म्हणून ते डायलवरचं २३०. काटे युनिटच दाखवतात, पण अशी अट घालून की तुमच्या घरात कायम २३० व्होल्टच आहेत. आणि डीसीचं दुखणं असं की वीजघरापासून लांब गेलं की व्होल्टेज पडतं. गल्लीच्या तोंडाला २३० आणि गल्लीच्या शेवटी २१८. शेवटच्या घरातला कार्बनचा दिवा पाच टक्के कमी व्होल्टेजवर जवळजवळ चौथाईने मंद होतो, त्या घरातला करंटही थोडा कमी असतो, तेवढा मीटर कमी मोजतो हे खरं, पण पडलेल्या व्होल्टेजची सूट त्याला मिळत नाही. प्रत्येक युनिटमागे तो पाच टक्के जास्तच देतो. मीटर बरोबर, जोडणी बरोबर, सर्टिफिकेट बरोबर, आणि शेवटच्या घरात राहणारा माणूस अंधुक उजेडाला पूर्ण उजेडाचा भाव देतोय. हे वाचल्यावर मला डोंगरावरची ती दोन महिन्यांची ईमेल आठवली. तक्रार करणाऱ्याला काहीतरी जाणवलेलं असतं, त्याला शब्द सापडत नसतात एवढंच.

जोडणीचा सगळ्यात अवघड भाग तीन तारांचा. तांबं महाग, म्हणून एडिसनने आणि इंग्लंडमध्ये जॉन हॉपकिन्सनने स्वतंत्रपणे एकच युक्ती काढली: दोन जनरेटर ओळीने जोडायचे आणि मधल्या सांध्यातून तिसरी तार काढायची. वरची तार प्लस, खालची मायनस, मधली दोघांची मिळून. अर्धी घरं वरच्या आणि मधल्या तारेवर, अर्धी मधल्या आणि खालच्या तारेवर. दोन्हीकडचा भार सारखा असेल तर मधल्या तारेतून काहीच जात नाही, ती बारीक चालते, आणि तांबं साठेक टक्क्यांनी वाचतं. पेनसिल्व्हेनियातल्या सनबरी गावात ४ जुलै १८८३ ला अशा तीन तारांवर दिवे लागले. पुढे जगभर हीच रीत झाली. आपल्याकडे १९५६ च्या वीज नियमांतसुद्धा तीन तारांच्या डीसीमधली मधली तार वीजघरात जमिनीला जोडायची असं लिहून ठेवलेलं होतं.

मीटर लावणाऱ्यासाठी मात्र यात दोन सापळे. पहिला म्हणजे मीटर मधल्या तारेत कधीच घालायचा नाही. मोठ्या गिऱ्हाइकाकडे तिन्ही तारा जात असतील तर मधलीतून फक्त दोन बाजूंचा फरक वाहतो, भार जुळला की मीटर थांबतो आणि कारखाना फुकट चालतो. त्याच्यासाठी दोन मीटर लागतात, दोन कडेच्या तारांत एकेक. आणि छोट्या घरातही मधली तार जमिनीला बांधलेली असल्याने, मीटर तिच्यात असेल तर कुणीही दिव्याची एक बाजू पाण्याच्या नळाला जोडून करंट मीटरला वळसा घालून परत पाठवू शकतो. म्हणून मीटर कायम कडेच्या, जिवंत तारेत.

दुसरा सापळा त्याहून बारीक. पाऱ्याच्या मीटरला प्लस-मायनस असतं, करंट उलटा गेला की चकती उलटी फिरते. वरच्या तारेवरच्या घरात करंट रस्त्यावरून आत येतो, मीटरमधून, मग दिव्यांत. प्लसचं भोक रस्त्याच्या बाजूला. पण खालच्या तारेवरच्या घरात जिवंत तार मायनस आहे. तिथे करंट मधल्या तारेने घरात शिरतो, दिव्यांतून फिरतो आणि कडेच्या तारेने, मीटरमधून, रस्त्यावर परत जातो. म्हणजे तिथे मीटरचं प्लस घराच्या बाजूला यायला हवं! एकाच गल्लीत, शेजारशेजारच्या दोन घरांत, एकसारखा दिसणारा मीटर, आणि जोडणी उलट. वायरमनने सवयीने हात चालवला की एका घरातले काटे मागे जायला लागणार.

हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं आणि किती तरी वेळ नुसती बसून राहिले, कारण हे मला पाठ होतं. टेलिकॉममध्ये आम्ही जे ४८ व्होल्ट वापरतो ते मायनस ४८ असतात. प्लस जमिनीला, जिवंत तार मायनस, शंट मायनसमध्ये, आणि शंटचं प्लस यंत्राच्या बाजूला. नवीन पोरं दर वेळी इथे चुकतात आणि मीटरवर उणे आकडा आला की घाबरून फोन करतात. मी दर वेळी सांगते की घराची बाजू कुठली आणि रस्त्याची बाजू कुठली ते आधी बोट ठेवून बघ. हे शब्द काकांचे. टॉवरला ना घर ना रस्ता, तरी काका कायम असंच म्हणायचे.

व्होल्टेजसुद्धा मोजणारा मीटर आणला एलिह्यू थॉमसनने, १८८९ मध्ये. जाड तारेची स्थिर वेटोळी भाराच्या ओळीत आणि त्यांच्यामध्ये बारीक तारेचं फिरणारं वेटोळं, ते एका रोधातून दोन तारांच्या मध्ये आडवं जोडलेलं. म्हणजे करंट आणि व्होल्टेज दोन्ही मिळून चकती फिरवणार, गल्लीच्या शेवटच्या घराला न्याय मिळणार. पुढच्या वर्षी पॅरिसमधल्या स्पर्धेत त्याला आणि बर्लिनच्या हेर्मान आरोनला बक्षीस विभागून मिळालं. आरोनचा मीटर दोन लंबकांचा, करंटने एकाची चाल बदलते आणि दोघांतला फरक म्हणजे वापर. नंतरच्या मीटरांत तर ठराविक मिनिटांनी जोडणी आपोआप उलटायची, म्हणजे लंबकांत मुळात असलेला फरक एकदा मिळवला जायचा आणि एकदा वजा व्हायचा. इतका प्रामाणिक विचार मी यंत्रात क्वचितच बघितलाय.

थॉमसनच्या मीटरला तिसरी तार आली आणि तिच्याबरोबर नवा प्रश्न. ती आडवी तार दिवसरात्र थोडी वीज खात राहते, घरात दिवा नसला तरी. पाच वॅट धरले तर महिन्याला साडेतीन युनिटच्या वर. ते कुणी भरायचे? उत्तर पूर्णपणे जोडणीत आहे. ती बारीक तार जाड वेटोळ्याच्या आधी, रस्त्याच्या बाजूने घेतली तर मीटरची भूक मीटरमधून मोजली जात नाही, कंपनी सोसते. वेटोळ्याच्या नंतर, घराच्या बाजूने घेतली तर ग्राहक स्वतःला मोजण्याचे पैसे स्वतः देतो. अंतर किती, तर एका पेटीतल्या दोन स्क्रूंमधलं. रीत पडली ती रस्त्याच्या बाजूने घ्यायची, आणि आजही आपल्या घरच्या मीटरमध्ये आतली व्होल्टेजची जोडणी रस्त्याच्या बाजूलाच असते. कुणीतरी कधीतरी बसून हे ठरवलं, की मोजणाऱ्याने मोजण्याचा खर्च स्वतः सोसावा. मला हे ठरवणाऱ्याला भेटायला आवडलं असतं.

डीसी काही लगेच गेलं नाही. कलकत्त्यात १८९९ च्या एप्रिलमध्ये इमामबाग लेनच्या वीजघरातून डीसीच सुरू झालं होतं. न्यूयॉर्कमध्ये १९२८ साली एसीकडे वळायला सुरुवात केली आणि पंचेचाळीस वर्षं लागतील असा अंदाज धरला, प्रत्यक्षात शेवटची डीसी जोडणी तुटली १४ नोव्हेंबर २००७ ला, चाळिसाव्या रस्त्यावरच्या एका इमारतीत. म्हणजे मी शाळेत होते तेव्हा न्यूयॉर्कमध्ये एडिसनचं डीसी अजून चालू होतं. आणि आता टॉवर, सोलर, गाड्यांचे फास्ट चार्जर, सगळीकडे पुन्हा डीसी मीटर, पुन्हा शंट, पुन्हा ते दोन छोटे स्क्रू.

जुन्या बाजारातला मीटर माझ्या टेबलावर आहे. त्या रविवारी मी त्याची टर्मिनलं चिंच लावून घासत होते, पितळ वर येत होतं. डाव्या भोकाजवळ प्लसची खूण, कारखान्यातच उमटवलेली. मग चिंच पुसली तेव्हा त्याच्या जरा वर, बिडावरच्या काळ्या रंगात, टोकदार काहीतरी घेऊन ओरखडलेलं दिसलं. आधी वाटलं नुसताच चरा आहे. टॉर्च आडवा धरला. देवनागरी अक्षर होतं, घ.

कुणा वायरमनने जोडणी करताना स्वतःसाठी खूण करून ठेवली होती, घराची तार इकडे. आणि घ प्लसच्या भोकावर होता.

मी फोटो काढून काकांना पाठवला, बाकी काही लिहिलं नाही. रात्री त्यांचं उत्तर आलं.

"मायनसवरचं घर होतं. माणूस हुशार होता."